फिक्सर, बेपत्ता माणूस आणि भूत: नियम वाचकाला कधी कळावेत?

निशाचर: भानगडी निस्तरणारा फिक्सर बेपत्ता माणसाच्या मागावर आहे आणि प्रकरण अमानवी निघतं, अशा कादंबरीत त्या शक्तीची निदान एक मर्यादा, म्हणजे तिचा एखादा नियम, पहिल्या एक-तृतीयांश भागातच कळली पाहिजे. ८०,००० शब्द धरले तर साधारण २५,०००च्या आत. भूत काहीही करू शकत असेल तर मोबाइलचं शेवटचं लोकेशन, लॉजची नोंदवही हे सगळं फुकट. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेच्या नियमांतून अमानवी शक्ती सरळ वगळल्या, त्या उगाच नाही.

रातराणी: नॉक्स कोडं घालणाऱ्या रहस्यकथेबद्दल बोलत होता. इथे साहित्य-सिद्धांतकार तोदोरोव्ह लागू पडतो (१९७०): घडलं ते नैसर्गिक की अमानवी, हे ठरत नाही तोवरच मजा. नियम सांगितला की खेळ खलास.

निशाचर: नियम म्हणजे खुलासा नव्हे. ‘माणसं बंद दारामागूनच नाहीशी होतात’ एवढं कळू द्या, कारण शेवटी. तेही कुणा बाबाच्या तोंडून नको! दोन प्रसंगांत दिसू द्या. तिसऱ्यात फिक्सर त्यावर भिस्त ठेवून चाल खेळेल आणि तोंडावर आपटेल.

जुना कंदील: फिक्सर राहिला बाजूलाच. त्याच्याकडे वॉरंट नाही. भांडवल म्हणजे लोकांवर केलेले उपकार आणि त्यांची गुपितं. कारकुनाकडून नोंदवहीचं पान मिळवलं की तो उपकार फिटला. पुढे तोच कारकून फुकटात राबताना दिसला की ताण गेला. मधला भाग बहुधा यामुळेच ढेपाळतो. शिवाय पैशासाठी आलेला माणूस पहिल्याच अघटितानंतर आगाऊ रक्कम परत करून पळेल. बेपत्ता माणसाचं जुनं प्रकरण त्यानेच दाबलेलं असेल, तरच तो अडकतो.

रातराणी: हे पटलं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. सीसीटीव्हीत माणूस लिफ्टमध्ये शिरतो, बाहेर येतच नाही. फिक्सर आधी फुटेज कापल्याचाच संशय घेणार, कारण असं फुटेज त्याने स्वतः कापून घेतलंय. डिस्क भरली की डीव्हीआर (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) जुन्यावर नवं रेकॉर्ड करतो, त्यामुळे घाई आलीच. भूत न दाखवता शंभर पानं निघतात.

निशाचर: निघतील, पण लिफ्टच्या छताचं झाकण आणि खालचा खड्डा त्याने लगेच तपासला तरच. नाहीतर चाणाक्ष वाचक ती शंभर पानं तिथेच घुटमळत राहील.