लॉकडाऊनमध्ये बंदरावर कामाला कोण होतं का इथे?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, मासेमारी बंदरावर, लहानपण गेलं माझं, पण २०२० मध्ये पुण्यात अडकलेलो. २५ मार्चनंतर बंदरातल्या माणसांनी दिवस काढले कसे, कोणी सांगेल का?

नौकावाला: आमच्या बोटीवर नेपाळी खलाशी सात. गाड्या बंद, जाणार कुठे? बोटीतच राहिले, तांदूळ आम्हीच द्यायचो. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिली खरी, पण बर्फ नाही गिऱ्हाईक नाही, पापलेट मातीमोल भावात गेलं आणि जूनमध्ये पावसाळी बंदी लागलीच की. ३ जूनला वर निसर्ग वादळ!

जेटीवरचा: मालाची बंदरं चालूच होती भाऊ, अत्यावश्यक सेवा ना. मी कोळशाच्या जहाजावर हॅच, म्हणजे पोटातला मालाचा खण, साफ करायला उतरायचो, मास्क तासाभरात काळा न् घामाने ओला, श्वासच घेता येईना. ठेकेदाराने आठवड्याला दोन दिले, बाकी बायकोच्या ओढणीचे. पॉझिटिव्ह आलो तर चौदा दिवस खाडा, पगार कट.

दर्यावर्दी: जहाजावरच्यांचं तर विचारूच नका. आमचा भाचा नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपून वर पाच महिने जहाजावरच, किनारा दिसतोय पण खाली उतरू देत नाहीत. जगभर तेव्हा असे चारेक लाख अडकलेले.

नौकावाला: @जेटीवरचा, खाड्याचे पैसे मिळाले का मग?

जेटीवरचा: कसले मिळतायत.