सरकारी की आयटी? आधी मीटर वाचायला शिका

पर्यावरण अभियांत्रिकी झालेल्या मुलीने सरकारी परीक्षा द्यावी की आयटीत जावं, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, या क्षेत्रात दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. केट ब्रँट यांचंच पाहा. ओबामांच्या काळात अमेरिकी केंद्र सरकारच्या शाश्वततेची, म्हणजे कारभाराचा पर्यावरणावरचा भार कमी ठेवण्याची, जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि 2015 मध्ये त्या गूगलमध्ये गेल्या. हजारो इमारती, गाड्या, खरेदीचे करार यांचा हिशेब सरकारात मांडला होता, तोच अनुभव पुढे डेटा सेंटरच्या विजेसाठी कामी आला.

आपल्याकडेही मागणी आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केलाय. त्यात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन, सगळ्याचे आकडे द्यावे लागतात. मी नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रात हेच आकडे जमवण्याचं काम करतो. खरा वेळ जातो तो डिझेल जनरेटरच्या नोंदी आणि टँकरच्या पावत्या गोळा करण्यात. मे महिन्यात एसीचं बिल पाहिलं की विषय आपोआप समजतो!

नागपुरात शिकायला जागा कमी नाहीत. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे 1958 पासून आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तो प्रकल्प तर तिने जाऊन पाहावाच. महापालिका आणि वीज कंपनी यांच्यात करार कसा होतो, पाण्याचे पैसे कोण देतं, हे पुस्तकात सापडत नाही. एक्सेल मात्र आजपासूनच पक्कं करायला सांगा.