आर्सेनिक पेशीपटल फाडून आत शिरतं का?

बीएस्सी_दुसरं_वर्ष:
पेशीपटलाचा स्निग्ध थर प्रभारित कणांना अडवतो, असं शिकलो. मग आर्सेनिक आत पोचतं कसं? पुस्तकात ‘पटलाला इजा होते’ एवढंच लिहिलंय.

यीस्ट_जनुकशास्त्र:
फाडत नाही. आधी आर्सेनिकचं रूप कोणतं, आर्सेनेट की आर्सेनाइट, ते विचार, सगळं त्यावर ठरतं.

आर्सेनेट फॉस्फेटसारखं दिसतं, ऋणप्रभारसुद्धा तसाच. फॉस्फेटशिवाय पेशीचं चालत नाही, आणि ते आत आणणारी वाहक प्रथिनं आर्सेनेटही उचलतात.

आर्सेनाइटची गोष्ट निराळी. त्याचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून प्रभारित होतात तो) सुमारे ९.२, म्हणजे शरीराच्या सामूला ते बहुतांशी प्रभारहीन असतं. हा रेणू ग्लिसेरॉलशी मिळताजुळता, त्यामुळे ॲक्वाग्लिसरोपोरिन ७ आणि ९ या पटलातल्या वाहिनी-प्रथिनांतून सरळ आत येतो. यीस्टमध्ये हे दार म्हणजे एफपीएस१. त्याचं जनुक काढलेलं यीस्ट मी आर्सेनाइटच्या प्लेटवर लावते, तेव्हा शेजारचं साधं यीस्ट जेमतेम तग धरतं आणि याच्या वसाहती छान भरतात. स्निग्ध थर दोघांत आहेच, फरक त्या एका प्रथिनाचा. इतका स्वच्छ पुरावा फार थोड्या विषांबाबत मिळतो.

बीएस्सी_दुसरं_वर्ष:
मग ताई, ते दार बंद करणारं औषध दिलं तर विषबाधा टळेल?

यीस्ट_जनुकशास्त्र:
उलटही होऊ शकतं! ॲक्वाग्लिसरोपोरिन ९ नसलेल्या उंदरांवर २००९ साली काम झालं. त्यांच्या शरीरातून आर्सेनिक कमी बाहेर पडलं आणि विषबाधा वाढली. यकृताला ते बाहेर टाकायलाही तीच वाट लागते. त्यामुळे एका पेशीतला निष्कर्ष अख्ख्या प्राण्याला लावू नकोस.

विषशास्त्र_प्रयोगशाळा:
पुस्तकातली ‘इजा’ही खोटी नाही, पण ती बहुतेक आतून होते. आर्सेनाइट प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना घट्ट धरतं. शेजारी-शेजारी दोन गट असले तर जास्तच. पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं ग्लुटाथायोन खर्ची पडतं, ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढतात आणि मग पटलातल्या असंतृप्त मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण सुरू होतं. अर्साइन (आर्सेनिक आणि हायड्रोजनचा वायू) मात्र वेगळ्या खात्यात ठेव: त्याने तांबड्या पेशी खरोखरच फुटतात.

यीस्ट_जनुकशास्त्र:
बरोबर. वनस्पतींकडेही बघ. भाताची मुळं सिलिकॉन घेतात त्या एलएसआय१ वाहिनीतून आर्सेनाइट आत जातं, आणि एलएसआय२ हे दुसरं वाहक प्रथिन ते पुढे काष्ठाकडे, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या ऊतीकडे, ढकलतं. परीक्षेत ‘पटल भेदतं’ लिहू नकोस, कोणतं रूप आणि कोणतं प्रथिन ते लिही.