मदत हवी आहे: तिरक्या ग्रीनवर मागच्या उजव्या पिनला फेअरवेच्या कोणत्या बाजूने यावे?

बर्डीकर
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या गोल्फ कोर्सवरच्या एका पार ४ (चार फटक्यांत संपवायच्या) होलबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. माहिती जमेल तितकी नेमकी देतो.

होल ३७० यार्डांचे. माझा हँडिकॅप १५ (फेरीला पारपेक्षा साधारण १५ फटके जास्त), ड्राइव्ह म्हणजे पहिला फटका साधारण २२०, म्हणजे दुसऱ्या फटक्याला १५० उरतात. ग्रीन, म्हणजे कपाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, २८ यार्ड लांब, १४ रुंद, आणि खेळाच्या रेषेला तिरके बसवलेले: पुढचे टोक डावीकडे, मागचे टोक उजवीकडे, कोन अंदाजे ४० अंश. समोर उजव्या अंगाला खोल बंकर (वाळूचा खड्डा). मागचा उजवा कोपरा उंच, पुढचा डावा कोपरा सखल, म्हणजे उतार ग्रीनच्या लांबीतच आहे. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, ३५ यार्ड रुंद. उजवीकडे साधे रफ (लांब गवत). डावीकडे रफची पट्टी आणि मग नाला. फेअरवेच्या मध्यापासून नाला ३० यार्डांवर, पेनल्टी एरिया (तिथे चेंडू गेला की एक फटका दंड).

स्पर्धेला पिन (कपातला झेंडा) बहुतेक मागे उजवीकडेच असते, मागच्या टोकापासून ५ यार्ड. सरळ पिनवर मारले की चेंडू एकतर बंकरमध्ये जातो, नाहीतर पिनच्या वर थांबतो आणि तीन पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचे फटके) होतात. फेअरवेची डावी बाजू धरावी का? आणि उतार आधीच नीट कसा वाचायचा?

धरमपेठ९
डावी बाजू, शंकाच नको. ग्रीन डावीकडून उजवीकडे मागे जाते, म्हणजे डावीकडून त्याची लांबी तुमच्या रेषेत येते आणि बंकर बाजूला पडतो. उजवीकडून तेच ग्रीन आडवे आणि उथळ दिसते, वर बंकर ओलांडावा लागतो. तिरके ग्रीन ज्या बाजूला उघडे असते त्या बाजूने या, हा जुना नियम आहे. स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या १५व्या होलाचे ग्रीन, ज्याला रेडान म्हणतात, याच तत्त्वावर आहे. फक्त तिथे ते उजवीकडून डावीकडे मागे उतरत जाते.

गवत_माती
धरमपेठभाऊ, दिशा बरोबर सांगितली, पण तिचा भाव जास्त लावला. आकडे मांडून बघू.

१५० यार्डांवरून मध्यापासून डाव्या कडेला गेलात, म्हणजे साडेसतरा यार्ड सरकलात, तर कोन बदलतो जेमतेम ७ अंश. ग्रीन तुमच्या रेषेला ४० ऐवजी ३३ अंशांत येते. पिनच्या अलीकडे, नेमक्या तुमच्या रेषेवर, किती ग्रीन मिळते? उजव्या कडेवरून सुमारे साडेनऊ यार्ड, मधून ११, डाव्या कडेवरून १३. म्हणजे मध्य सोडून डाव्या कडेला जाण्याची कमाई दोन यार्ड. १५ हँडिकॅपवाल्याच्या सात नंबर आयर्न या काठीच्या फटक्याचा लांबीतला फरकच याहून कितीतरी मोठा असतो.

आता किंमत बघा. सरावाच्या रेंजवर ड्रायव्हरने (पहिल्या फटक्याच्या काठीने) २० चेंडू मारा आणि सगळ्यात डावा व सगळ्यात उजवा यांतले अंतर पावलांनी मोजा. समजा पसारा ६० यार्ड निघाला. मध्यावर नेम धरला तर डावे टोक बरोबर नाल्याच्या काठावर येते. डाव्या कडेवर नेम धरला की पसाऱ्याचे १५-१७ यार्ड नाल्यात. दोन यार्डांसाठी पेनल्टीचा फटका, हा सौदा वाईट आहे. नेम मध्यापासून ५ यार्ड उजवीकडे ठेवा. चेंडू आपसूक डावीकडे गेला तर कोन मिळाला, नाही गेला तर काही बिघडले नाही.

अंतर कमी असेल तेव्हा मात्र कोन पटकन बदलतो: ७० यार्डांवरून २० यार्ड सरकले की १६ अंश. म्हणून पार ५ वर तिसऱ्या फटक्याची जागा निवडताना बाजू जरूर बघावी.

उतारवाला
कोनापेक्षा इथे उतार महत्त्वाचा आहे. चेंडू पिनच्या खाली राहिला की वर, याने पटांची संख्या ठरते, म्हणून नियोजन पिनकडून उलटे करत या.

समजा उतार ३ टक्के आणि ग्रीनचा वेग स्टिंपमीटरवर (ठराविक उंचीवरून सोडलेला चेंडू किती घरंगळतो ते दाखवणारी खाचेची पट्टी) ८ फूट. सपाटावर १० फूट जाणारा पट चढावर सुमारे पावणेआठ फूट जाईल, उतारावर साडेचौदाच्या आसपास. वेग १० असेल तर तेच आकडे ७ आणि १६. वेग ७ असेल तर ८ आणि साडेतेरा. म्हणजे जलद ग्रीनवर वर राहण्याची शिक्षा वाढत जाते. चुकीचेही तसेच: वेग ८ वर फटक्यातली एका फुटाची चूक चढावर नऊ इंच होते, उतारावर सतरा इंच. तुमचे तीन पट इथून येतात. खालून चुकलेला पट जवळ थांबतो, वरून चुकलेला परतीला पुन्हा पाच-सहा फूट ठेवतो.

म्हणून नेम पिनवर नको, ग्रीनच्या मध्यावर, त्यातही दोन-तीन यार्ड डावीकडे धरा. पिन १५० असेल तर मध्य १४२-१४३. क्लब (काठी) मध्याच्या अंतराचा घ्या. चेंडू तिथे थांबला तर पिन ९ यार्ड, म्हणजे २७ फूट, जवळजवळ सरळ चढावर. त्याला सपाटावरच्या ३५ फुटांइतका फटका लागतो, हे डोक्यात ठेवा. चढाचा पट तोकडा पडण्याचे कारण हेच. थोडे उजवीकडे चुकले तरी बहुधा ग्रीनवर, डावीकडे चुकले तर बंकर नसलेली बाजू. उजवीकडे खूप चुकले तरच बंकर.

उतार मोजायला चार फुटी स्पिरिट लेव्हल पुरते. गोल्फ क्लबच्या व्यवस्थापनाची परवानगी घ्या आणि कोर्स रिकामा असताना जा. लेव्हल उताराच्या दिशेने ठेवा, खालचे टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला आणि फट मोजा. चार फुटांत २.४ सेंटिमीटर म्हणजे २ टक्के, ३.७ म्हणजे ३ टक्के. फोनवरचे अॅप अंश दाखवत असेल तर १ अंश म्हणजे पावणेदोन टक्के. दर पाच पावलांवर एक माप, वहीत बाण उताराच्या दिशेला आणि शेजारी टक्के. एवढ्या लहान ग्रीनला १२-१५ बाण पुरतात.

वेगासाठी स्टिंपमीटर नसेल तर कुठल्याही खाचेच्या पट्टीवरून, दर वेळी तीच उंची ठेवून, चेंडू सोडा. त्याचे आकडे खऱ्या स्टिंपशी जुळणार नाहीत, पण आज आणि मागचा आठवडा यांची तुलना होते. सपाट जागा सापडली नाही तर एकाच रेषेवर चढ आणि उतार दोन्हीकडे सोडा, दोन आकड्यांचा गुणाकार दुप्पट करा आणि बेरजेने भागा. चढावर ६, उतारावर १२ आले तर २ × ६ × १२ भागिले १८, म्हणजे ८. सरळ सरासरी काढली तर ९ येते आणि ती फसवते.

बर्डीकर
उतारवाला साहेब, गवत_माती, मनापासून आभार. एक प्रश्न राहिला. एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये हे होल सारखेच खेळायचे का? उन्हाळ्यात चेंडू ग्रीनच्या पुढे टप्पा घेऊन कुठेही निघून जातो.

गवत_माती
अजिबात सारखे नाही. बाजूचा भाव ऋतूप्रमाणे बदलतो, कारण कोन कामाला येतो तो चेंडू घरंगळतो तेव्हा. उंचावरून येऊन जागीच थांबणाऱ्या चेंडूला तो कुठल्या बाजूने आला याने फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते, फेअरवे आणि ग्रीनपुढचा पट्टा दगडासारखा होतो. ग्रीनला मात्र रोज पाणी असते आणि खाली वाळूचा थर असतो, त्यामुळे ते पुढच्या पट्ट्यापेक्षा मऊ. इथेच गफलत होते. ग्रीनच्या दोन यार्ड अलीकडे पडलेला चेंडू उसळून पिनच्या पार जातो आणि दोन यार्ड आत पडलेला चार यार्डांत थांबतो. तेव्हा एप्रिल-मे मध्ये एक काहीतरी ठरवा: पूर्ण ग्रीनवर टाका, नाहीतर मुद्दाम १०-१२ यार्ड अलीकडे, पुढच्या डाव्या तोंडासमोर, एक क्लब कमी घेऊन टाका आणि चढावर घरंगळू द्या. काठावर पडेल असा फटका नको. हा घरंगळता फटका फेअरवेच्या डाव्या अर्ध्यातूनच जमतो, उजवीकडून मध्ये बंकर येतो. धरमपेठभाऊंचा नियम या महिन्यांत खरा ठरतो.

पण त्याच कडक जमिनीवर ड्राइव्हही वीस-एक यार्ड जास्त धावतो, आणि डावीकडे वळलेला सरळ नाल्यात. म्हणून उन्हाळ्यात ड्रायव्हरऐवजी तीन नंबर वूड. २०० हवेत आणि २० जमिनीवर, म्हणजे पोहोच तीच २२०, पसारा थोडा कमी.

पावसाळ्यात चेंडू पडेल तिथे रुततो, गवत उंच ठेवतात, ग्रीन संथ. तेव्हा बाजूचा विचार सोडा, फेअरवेचा मध्य धरा आणि क्लब हवेतल्या पूर्ण अंतराचा घ्या.

उतार वाचायला पावसाळ्यासारखा शिक्षक नाही. जोराची सर थांबल्यावर दहा मिनिटांत ग्रीनवर जाऊन उभे रहा. पाणी कुठून निघते, कुठे साचते, कुठल्या कडेने उतरते हे वहीत उतरवून घ्या. लेव्हलने न सापडलेल्या खोलगट जागा तिथे दिसतात.

धरमपेठ९
बरोबर आहे, नाल्याचे गणित मी धरले नव्हते. मध्यापासून ५ यार्ड उजवीकडे हेच योग्य.

एक भर घालतो. ग्रीनवर बर्म्युडा गवत असेल तर ग्रेन, म्हणजे गवत झुकण्याची दिशा, बघायला विसरू नका. गवत चमकदार, फिकट दिसत असेल तर ते तुमच्यापासून दूर झुकलेले, पट वेगाने जातो. गडद दिसले तर तुमच्याकडे झुकलेले, पट अडतो. खात्रीसाठी कपाची कड बघा: एक अर्धी धारदार राहते, दुसरी उसवल्यासारखी. गवत उसवलेल्या कडेकडे वाढते. उतार आणि ग्रेन एकाच दिशेला असतील तर खाली येणारा पट फार पळतो.

उतारवाला
वहीबद्दल नियमाचे दोन शब्द. लेव्हल, फोनचे अॅप, उंचीतला फरक मोजणारे कुठलेही उपकरण फेरी चालू असताना वापरता येत नाही (नियम ४.३). पहिल्या वेळी जनरल पेनल्टी, दुसऱ्या वेळी बाद. ग्रीनचा वेग बघायला फेरीत चेंडू घरंगळवणे किंवा गवत घासणे हेही चालत नाही (नियम १३.१ई). वही चालते, पण ग्रीनचा नकाशा असेल तर त्यावर आकाराची आणि प्रमाणाची मर्यादा आहे: पान सव्वाचार बाय सात इंचांपेक्षा मोठे नको, आणि पाच यार्डांना तीन अष्टमांश इंच याहून मोठे प्रमाण नको. तुमचे २८ यार्डांचे ग्रीन त्या हिशेबात कागदावर २.१ इंचांचे होते. बाण बारीक काढा.

फेरीत टक्के हवे असतील तर पायांनी ओळखायला शिका. घरी लेव्हलने तपासलेल्या १, २ आणि ३ टक्क्यांच्या जागी दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून उभे रहा आणि वजन कुठल्या पायावर जास्त येते ते लक्षात ठेवा.

बर्डीकर
समजले. शेवटचे: पिन पुढे डावीकडे, सखल कोपऱ्यात असली तर? तेव्हाही मध्यच धरायचा?

उतारवाला
नाही. तिथे मध्य म्हणजे पिनच्या वर, पूर्ण उतारावर. पिन १३५ असेल तर क्लब १३२ चा घ्या आणि तोकडे राहणे मान्य करा. ग्रीनच्या तीन यार्ड अलीकडून चढावरची चिप (छोटा, थोडा उचललेला फटका) ही सहा यार्ड वरून उतरणाऱ्या पटापेक्षा बरी. एप्रिलमध्ये तोच पट्टा कडक आणि बारीक कापलेला असेल तर चिपही नको, तिथूनच पटर घ्या. ऑगस्टमध्ये गवत ओले आणि लांब असते, पटर अडकतो, तेव्हा पिचिंग वेजने चेंडू ग्रीनच्या आत एक यार्ड टाका.