मदत हवी आहे: घराचं अंदाजपत्रक, तीन कंत्राटदारांचे तीन तऱ्हेचे दर

नमस्कार मंडळी,

तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधायचं आहे. आर्किटेक्टचे नकाशे पक्के झालेत, आरसीसी डिझाइन (कुठे किती काँक्रीट आणि सळई हे ठरवणारे नकाशे) यायचं आहे. तीन कंत्राटदारांनी दर दिलेत. पहिल्याने सामानासकट चौरस फुटाला एकच दर लावला. दुसऱ्याने बाबवार दरपत्रक दिलं: खोदाई, काँक्रीट, सळई, विटकाम, प्लास्टर, सगळं सुटं. तिसरा फक्त मजुरीवर काम करणार, सामान आम्ही पुरवायचं.

घरात सगळ्यांचा ओढा पहिल्याकडे आहे, कारण गुणाकार केला की रक्कम समोर येते. मला त्या आकड्याचा भरवसा वाटत नाही. चौरस फूट कोणते मोजले हेच त्यात लिहिलेलं नाही. बाल्कनी, जिना, छज्जे पूर्ण धरले की अर्धे? कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी त्यात आहे का? आयुष्याची पुंजी यात जाणार आहे, म्हणून आत्ताच नीट समजून घ्यायचं आहे.

परिमाणं मी स्वतः काढतोय. १०० चौरस मीटरचा स्लॅब १२५ मिमी जाडीचा धरला तर १२.५ घनमीटर काँक्रीट. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे सिमेंटच्या ५० किलोच्या साधारण ८ गोण्या (कोरडं साहित्य १.५४ पट, त्याचा साडेपाचावा भाग सिमेंट), म्हणजे १०० गोण्या. इथवर जमलं. अडलं ते सळईपाशी. दुसऱ्याने स्लॅबला घनमीटरमागे ५० किलो धरलीय. हे बरोबर आहे का? डिझाइनआधी पडताळायचं कसं? आणि तिघांची तुलना कशी करू? अचानक येणाऱ्या खर्चासाठी किती बाजूला ठेवू?

प्रतिसाद

५० किलो कमी वाटतं. स्टीलची घनता घनमीटरला ७८५० किलो, म्हणजे काँक्रीटच्या घनफळाच्या १ टक्का सळई म्हणजे ७८.५ किलो. डिझाइन हाती येईपर्यंत फूटिंगला (पायातल्या काँक्रीटला) ०.५ ते ०.८ टक्के, स्लॅबला ०.७ ते १, बीमला १ ते २ आणि कॉलमला त्याहून थोडं जास्त धरून चाला. तुमच्या स्लॅबला १ टक्क्याने ९८१ किलो होतात, त्याने धरलेत ६२५.

आता हे लक्षात घ्या: बाबवार करारात बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघतं. परिमाण कमी दाखवलं की दरपत्रकाची बेरीज स्वस्त दिसते, पण कमी दाखवलेल्या सळईचे पैसे नंतर तुम्हालाच द्यायचे असतात. त्यामुळे त्याची बेरीज बघूच नका, फक्त दर बघा आणि परिमाणं तुमची घाला.

डिझाइन आलं की बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई, किती लांब, किती नग याचा तक्ता) मागून घ्या. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. १२ मिमीची सळई ०.८९ किलो येते. लॅप (जोडावर सळया एकमेकींवर चढवायची लांबी) आणि वाया जाणारे तुकडे त्यात वेगळे धरा. साइटवर गाडी आली की वजनही याच हिशेबाने तपासता येतं.

प्रतिसाद

तुलनेबद्दल: बाबींचा एकच तक्ता करा आणि तिघांनाही तोच भरायला द्या. पहिल्याला निदान काय धरलंय आणि काय नाही हे लेखी द्यायला सांगा. मजुरीवाला सगळ्यांत स्वस्त दिसेल, पण सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटा आणि टेकू कोणाचे, परांची कोणाची, मिक्सर आणि व्हायब्रेटरचं भाडं, बांधकामाचं पाणी, राखणदार, वाया गेलेलं सामान हे सगळं त्याच्या आकड्यात मिळवल्याशिवाय तुलना खरी होत नाही. शिवाय माल वेळेवर आणायची धावपळ तुमची.

फिनिशिंगच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. ‘फरशी’, ‘खिडक्या’, ‘नळ’ एवढंच लिहिलेलं मान्य करू नका. प्रत्येकाची जात, आकार आणि धरलेला मूळ दर करारात हवा. सांगाडा उभा राहतो आणि पैसे इथेच संपतात, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत.

आकस्मिक खर्चासाठी अंदाजपत्रकात ३ ते ५ टक्के धरायची जुनी रीत आहे. तुमच्या जमिनीची परीक्षा झाली नसेल तर मी १० धरेन. खडक लागला तर खोदाईचा दर वेगळा, आणि मऊ माती खोलवर गेली तर फूटिंगच बदलतं. आधी एक-दोन ठिकाणी खड्डे घेऊन माती बघा, म्हणजे हा आकडा कमी करता येईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तक्ता करायला घेतला आहे. एक शंका: प्लास्टर मोजताना दारं-खिडक्या वजा करायच्या ना? दुसरा कंत्राटदार वजा करत नाही.

प्रतिसाद

सरसकट वजा करत नाहीत, कारण दारं-खिडक्यांच्या उघड्या जागांच्या कडांनाही प्लास्टर लागतं. प्रचलित पद्धत अशी: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या एकाच बाजूला वजा करायची. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंनी वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. मोजमापाचा हा नियम तक्त्याच्या वर लिहून टाका, म्हणजे तिघेही त्याच नियमाने दर भरतील.