‘ब्लडस्पोर्ट’ आणि पंपरूमजवळच्या विटा

सेक्रेटरी (ए-101): मंडळी, शनिवारी क्लबहाउसमध्ये ‘ब्लडस्पोर्ट’ लावतोय. 1988 चा, हिरो व्हॅन डॅम, हाँगकाँगमधल्या चोरून होणाऱ्या कुमिते स्पर्धेवरचा. पोरांनी आत्तापासूनच पंपरूमजवळ विटा रचल्यात. त्यातलं खरं किती, जाणकारांनी सांगा.

शिंदे सर (बी-302, कराटे): कुमिते म्हणजे फक्त समोरासमोरची लढत. किहोन (मूलभूत तंत्र), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), कुमिते हे कराटेचे तीन भाग. टोकियो ऑलिंपिकमध्ये 3 मिनिटांची लढत होती. युकोला (ठोसा) 1, वाझा-आरीला (धडावर लाथ) 2, इप्पोनला (डोक्यावर लाथ किंवा खाली पडलेल्यावर फटका) 3 गुण. 8 गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. सिनेमात हरणारा ‘मात्ते’ म्हणतो. जपानीत त्याचा अर्थ ‘थांब’. हार कबूल करायचा शब्द ‘माइत्ता’.

जोशी काकू (ए-204): पण सर, शेवटी पडद्यावर लिहून येतं ना, खऱ्या माणसाची गोष्ट म्हणून?

गोखले सर (सी-501): येतं. फ्रँक ड्यूक्स, 329 लढती, एकाच स्पर्धेत सलग 56 नॉकआउट. आता हिशेब करा. बाद फेरीत प्रत्येक विजयाला स्पर्धक निम्मे होतात. 56 फेऱ्या म्हणजे 2 चा 56 वा घात, पृथ्वीवरच्या माणसांच्या सुमारे 90 लाख पट स्पर्धक! एवढ्यांना वडापाव कोण देणार? त्याच्या दाव्यांवर लॉस एंजेलिस टाइम्सने 1988 मध्येच प्रश्नचिन्ह लावलं होतं.

ए-403 रोहन: आणि सिनेमात हिरो थराच्या वर मारतो आणि फक्त खालची वीट फुटते ते? 😅

शिंदे सर: तेच समजून घे. वीट दाबली तर सहज फुटत नाही, वाकवली तर फुटते. वरून मार बसला की ती किंचित वाकते, खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथून वर येतो. त्यासाठी टेकू फक्त दोन टोकांना हवा, मधे पोकळी हवी. एकाला एक चिकटवून रचलेल्या थरात खालच्या विटेला वाकायला जागाच नसते. वरच्या शाबूत आणि खालची फुटली, हे सिनेमातच.

रोहन: मग प्रात्यक्षिकात दहा-दहा कौलं कशी फोडतात?

शिंदे सर: मंगलोरी कौलं, कोरडी, आणि दोन कौलांच्या मधे दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या. वरचं फुटून खालच्यावर आदळतं, ते पुढच्यावर. पट्ट्या काढा, मग बघा गंमत. नवशिक्याची चूक एकच: हात पृष्ठभागावर थांबवतो. मग सगळा धक्का हाडात जातो.

डॉ. पाटील (बी-105, ऑर्थो): आणि मग माझ्याकडे येतात. करंगळीमागचं हाड मोडतं, मुठीवरचा करंगळीचा उंचवटा आत गेल्यासारखा दिसतो. सूज असेल तर अंगठी लगेच काढा, बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, हात वर, एक्स-रे. दुसऱ्याच्या दाताने बोटाच्या सांध्यावर छोटी जखम झाली तर ती सगळ्यात फसवी. मूठ उघडली की जखम झाकली जाते, जंतू सांध्यात. त्याच दिवशी या, टाका घालून बंद करू नका. डोक्याला मार लागून उलट्या, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ झाला तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल.

देसाई (डी-202, एडिटर): पडद्यावरचा ठोसा लागतच नाही, काका. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की मूठ आणि गालामधलं वीतभर अंतर दिसत नाही. खाणाऱ्याने मान वेळेवर वळवायची, उशीर झाला की शॉट फुकट. सेकंदाला 48 फ्रेमने टिपून 24 ने दाखवलं की वेग निम्मा. ‘ढिशूम’ मागाहून.

जोशी काकू: म्हणजे त्यातला व्हिलन बोलो युंग छाती फुगवतो तेवढंच खरं.

देसाई: ते मात्र शंभर टक्के 😄

सेक्रेटरी: ठीक. सिनेमा रात्री 9 नंतर, फक्त मोठ्यांसाठी. विटा वॉचमनकाकांनी केबिनमागे नेल्यात.

सी-203 कदम: अहो, त्या माझ्या बाथरूमच्या कामाच्या विटा आहेत. 14 कमी भरतायत.