मदत हवी आहे: खाजनाचे फोटो सपाट का येतात?

दोन पावसाळे गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजन शेतीचे (खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेली शेतं) फोटो काढतोय. डोळ्यांना बांध, मानशीचं (बांधातल्या पाणी अडवायच्या-सोडायच्या झडपेचं) दार, वाकलेला माड सगळं सुटं दिसतं; फोटोत मात्र हिरवा पट्टा आणि वर पांढरंफटक आभाळ.

१८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती), ट्रायपॉड, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान करून) वापरून झालं. पोलरायझर फिल्टरने ओल्या पानांवरची चमक गेली, रंग खुलले, पण खोली आली नाही. एडिटिंगमध्ये हिरवा ओढला की खोटा वाटतो, ते नकोच. नवी लेन्स सध्या शक्य नाही. मोकळा फक्त रविवार, त्यातही बहुतेकदा ढगच.

समोरचं सगळं चौकटीत कोंबायची माझी खोड असावी. अशा सावली न पडणाऱ्या उजेडात तुम्ही आभाळ कापून ५५वर (झूम करून) एकटी मानस धरता, की १८वर (रुंद चौकटीत) खाली बसून पायाशी साचलेलं पाणी पुढे घेता?